तीन पेट्या, दोन वाटा आणि मामांची किल्ली

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं तंत्रनिकेतन आहे. नाव सांगत नाही, कारण पुढं जे घडलं त्यात संस्थेची जरा शोभा झालेली आहे, आणि त्या शोभेत माझा वाटा सगळ्यांत मोठा. मी तिथं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या पोरांना दर वर्षी एक प्रकरण अभ्यासाला द्यावं लागतं: काय ठरलं होतं, काय झालं, कशामुळं झालं. आधी मी लंडन-न्यूयॉर्कची प्रकरणं द्यायचो. पोरं ती इंटरनेटवरून उतरवून आणायची आणि मीही गुण देऊन मोकळा व्हायचो. आता हे आमच्याच अंगणातलं देतो.

गेट आलं कसं

आमचा एक जुना विद्यार्थी एका महानगरात मेट्रोच्या तिकीट-गेटांच्या देखभालीवर आहे. तिथं नमुना म्हणून वापरलेलं एक गेट भंगारात निघालं होतं. त्यानं फोन केला, "सर, टेम्पोचं भाडं दिलं तर गेट आपलं." प्राचार्यांनी भाडं मंजूर केलं, आणि ऑक्टोबरात रिकाम्या पोत्यांवर आडव्या टाकलेल्या तीन स्टीलच्या पेट्या वर्कशॉपच्या दारात उतरल्या.

पोरांना वाटलं, तीन पेट्या म्हणजे तीन वाटा. वाटा दोनच. प्रत्येक वाटेला दोन्ही अंगांनी पेटी लागते, म्हणून ओळीत एक पेटी नेहमी जास्तीची. पेटीच्या पोटातून त्रिकोणी, मऊ कडेची पाकळी बाहेर येते, समोरच्या पेटीतून तशीच दुसरी येते आणि दोन्ही मिळून वाट अडवतात. तिला फ्लॅप म्हणतात. आमच्या पोरांनी पहिल्याच दिवशी तिला 'कान' म्हणायला सुरुवात केली आणि आता तोच शब्द आमच्या नोंदवहीतही आहे. पेटीच्या आतल्या बाजूला इन्फ्रारेड सेन्सरच्या जोड्या असतात. एका पेटीतून न दिसणारा किरण निघतो, समोरची पेटी तो पकडते. किरण कोणत्या क्रमानं तुटले यावरून गेट ठरवतं, की माणूस आत चाललाय की बाहेर, एकटा आहे की त्याच्या पाठीला चिकटून दुसराही घुसतोय, की नुसतीच ओढून आणलेली बॅग आहे. वरच्या बाजूला कार्ड टेकवायची जागा, म्हणजे रीडर. मेट्रोत तिकिटाचे पैसे वसूल होतात ते या रीडरवर. कान फक्त त्याच्या हुकमानं हलतात.

लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिल्यापासून आमच्याकडच्या पोरांना रेल्वे-मेट्रोची नोकरी हाताशी आल्यासारखी वाटते. पण वर्गात चौकशी केली तर मेट्रोत बसलेले चौघं निघाले, तेही पुण्याला मावशीकडं गेलेले. म्हणून गेट प्रयोगशाळेत झाकून ठेवण्यापेक्षा चालवून बघायचं ठरलं. जानेवारीत गॅदरिंग असतं, पालक येतात, त्यांना या गेटातून आत घ्यायचं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक कार्ड, त्यावर तीन प्रवेश: एक त्याचा, दोन घरच्यांचे. चौथं माणूस आणायचं असेल तर वीस रुपये भरून कार्डात एक प्रवेश वाढवून घ्यायचा. सगळी कल्पना माझीच होती, हे सुरुवातीलाच कबूल करून ठेवतो.

काळी जमीन आणि कोरडा खड्डा

मेट्रोतलं गेट काँक्रीटच्या सपाट जमिनीवर, छपराखाली उभं असतं. आमचं मैदानाच्या फाटकाशी, पेव्हर ब्लॉकवर, आणि खाली आपली काळी जमीन. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीनंतर आक्रसत जाते. जानेवारीपर्यंत रानात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. सिव्हिलच्या विभागप्रमुखांनी सांगितलं होतं, की तिन्ही पेट्यांखाली मिळून एकच स्लॅब टाका. त्याचा खर्च ऐकून आम्ही प्रत्येक पेटीखाली वेगवेगळा छोटा चौथरा ओतला आणि बोल्टनं पेट्या आवळल्या. वेगळे चौथरे वेगवेगळे हलतात. संक्रांतीच्या सुमारास मधली पेटी एका अंगाला इतकी कलली, की डोळ्यांना दिसत नव्हतं पण कान पेटीच्या तोंडाला घासून करकरायला लागला होता, आणि दोन सेन्सरांची नजर समोरच्या जोडीदारावरून ढळली होती.

मधूनच रीडर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. आठवडाभर आम्ही प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक अर्थिंगमध्ये होती. कोळसा-मीठ घातलेला खड्डा हाडासारखा कोरडा पडला होता. उपाय जुनाच: रोज दोन बादल्या पाणी. ते काम शिपाई मामांकडं आलं. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं यंत्राच्या पायाशी रोज दोन बादल्या ओतायला सांगितल्यावर मामांनी माझ्याकडं जे बघितलं, ते मी विसरलेलो नाही. पण त्यांनी एकही दिवस चुकवला नाही.

गेटानं कुणाला विचारायचं

ही खरी तांत्रिक चूक, म्हणून इथं जरा थांबतो.

हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड १९९७ साली आलं, जपानचं सुइका २००१ साली, लंडनचं ऑयस्टर २००३ साली. दिल्लीची मेट्रो २००२च्या डिसेंबरात सुरू झाली. या सगळ्या कार्डांची गोम अशी, की शिल्लक रक्कम कार्डातल्या चिपमध्येच लिहिलेली असते. कार्ड टेकवलं की गेट शिल्लक वाचतं, प्रवासाची नोंद करतं आणि नवा आकडा तिथल्या तिथं कार्डावर परत लिहितं. कुठल्या दूरच्या संगणकाला विचारायला जात नाही. लाईन तुटली, सर्व्हर झोपला, तरी गेट चालतं.

२०१४ साली लंडनच्या भुयारी रेल्वेनं साधं बँकेचं कार्ड गेटावर चालवायला घेतलं. बँकेतली शिल्लक कार्डात लिहिलेली नसते. मग गेटानं प्रत्येक प्रवाशासाठी बँकेला विचारायचं का? तेवढा वेळच नाही, कारण अर्ध्या सेकंदात निकाल लागला नाही तर मागची रांग पायऱ्यांवर चढते. म्हणून गेट एवढंच बघतं, की कार्ड अस्सल आहे आणि नाकारायच्या यादीत नाही. मग सोडून देतं. दिवसभराचा हिशोब मागाहून होतो. न्यूयॉर्कनं २०१९ पासून हाच रस्ता धरला. आपल्याकडं त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्डात मात्र बँकेचं कार्ड आणि कार्डातच साठवलेली रक्कम अशी दोन्ही सोय आहे.

थोडक्यात, हिशोब कार्डात असो की खात्यात, निकाल द्यायला गेट कुणाची वाट बघत नाही. आणि आम्ही काय केलं? कार्डाचा नुसता क्रमांक वाचायचा, तो वाय-फायवरून परीक्षा विभागातल्या लॅपटॉपला पाठवायचा, लॅपटॉपनं यादी बघून होकार द्यायचा, मग कान उघडायचे. प्रयोगशाळेत डोळ्याचं पातं लवायच्या आत हे व्हायचं, म्हणून आम्ही खूश.

नुसता क्रमांक वाचणं हे आणखी एका कारणानं कच्चं होतं. २००८ साली नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभर वापरात असलेल्या मायफेअर क्लासिक कार्डाचं कुलूप फोडून दाखवलं होतं. आमच्याकडं फोडायला कुलूपच नव्हतं. एका पोरानं ऑनलाइन मागवलेल्या कोऱ्या कार्डावर माझ्या कार्डाचा क्रमांक उतरवला आणि माझ्या नावानं आत जाऊन दाखवलं. त्याला मी प्रकल्पात पूर्ण गुण दिले आणि गॅदरिंग होईस्तोवर कुणाला सांगू नको म्हणून विनवलं.

ती संध्याकाळ

येळवस, म्हणजे आमच्याकडचा रानातला सण, होऊन गेलेली, हुरड्याचे दिवस. मैदानात मांडव, फाटकाशी गेट, गेटाला झेंडूची माळ. साडेपाचपर्यंत सगळं झकास चाललं. संस्थेचे पदाधिकारी आले, कार्ड टेकवलं, कान उघडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकेकटी पोरं येत होती, माणशी तीनेक सेकंदात आत जात होती.

पावणेसहाच्या आधी खेड्यांकडची एसटी आली, तिच्या मागोमाग दोन टमटम. एकदम सत्तर-ऐंशी माणसं. पोरगा पुढं, मागं वडील, आई, आईच्या कडेवर धाकटं, आणि आजीच्या हातात पिशवी. पोरानं कार्ड टेकवलं, आत गेला, आणि कानावरून हात लांबवून कार्ड वडिलांकडं दिलं. वडिलांनी टेकवलं. लाल दिवा, आणि भोंगा.

त्यांनी पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. वडील मागं सरायला गेले तर मागं माणसं. पोरगा आतून ओरडतोय, "बाबा, नीट धरा की," आणि बाबा चारचौघांत अपमान झाल्यासारखे कार्ड पुसतायत. शेजारच्या वाटेवर तेच. आजी मोठ्यानं म्हणाल्या, "मशीन नाही म्हणायलंय मला. मग काय उलटं गावाला जाऊ का?" लोक हसले, पण पुढं कुणीच सरकलं नाही.

त्याच वेळी दुसऱ्या वाटेचे कान उघडेच राहिले, मिटेनात. पडद्यावर संदेश: वाटेत व्यक्ती आहे. वाटेत कुणीच नव्हतं. मावळतीचा सूर्य सरळ पेटीच्या तोंडात घुसला होता आणि त्या उजेडात समोरचा किरण ओळखूच येत नव्हता. किरण दिसत नाही म्हणजे माणूस उभा, असा गेटाचा साधा न्याय. कान उघडे दिसताच लोक तिकडून कार्ड न टेकवताच जाऊ लागले. ते बघून एका विद्यार्थ्यानं कर्तव्यदक्षतेनं ती वाट बंदच करून टाकली.

मग एक चार-पाच वर्षांची पोरगी आईचा हात सोडून पहिल्या वाटेत शिरली आणि मिटता कान तिच्या दंडाला लागला. लागलं काही नाही, अडथळा कळताच मोटर सैल पडते, पण ती घाबरून रडायला लागली. दिल्ली मेट्रोत नव्वद सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर फुकट नेता येतं, म्हणजे असं लेकरू गेटाशी येणार हे तिथं गृहीत धरलेलं आहे. आमच्या नियमात लेकरू नव्हतंच.

मामा माझ्यापाशी आले. "सर, लेकरू रडायलंय. उघडतो मी." मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून किल्ली काढली, बाजूच्या मोठ्या लोखंडी फाटकाची साखळी सोडली आणि हाळी दिली, "या, या, इकडून या सगळे! हिशोब मागून करू!" पाच-सहा मिनिटांत रस्ता मोकळा. माळ घातलेलं गेट रिकामं उभं, आणि मधूनमधून त्याचा भोंगा वाजतोय.

सोमवारची बैठक

प्रत्येकानं आपापलं कारण आणलं होतं. सिव्हिलवाले म्हणाले, स्लॅब टाका म्हणालो होतो. पोरं म्हणाली, सूर्य. मी म्हणालो, वाय-फाय. मांडवात शेकडो फोन, सगळे त्याच लहरींवर, त्यात आमचा निरोप लॅपटॉपपर्यंत जाऊन यायला तीन-चार सेकंद लागत होते. आणि एक सूर असा निघाला, जो अशा बैठकीत नेहमीच निघतो: आपल्या लोकांना शिस्त नाही, असली यंत्रं आपल्याकडं चालायची नाहीत.

ते मला लागलं, कारण त्या रांगेत माझ्या चुलत्यांचं घरही होतं. मी लॅपटॉपमधली नोंद छापून घेतली आणि दोन पोरांना बसवलं: प्रत्येक लाल दिव्यासमोर कारण लिहा.

संध्याकाळपर्यंत चित्र पालटलं. लाल दिवे लागले ते बहुतेक सगळे खऱ्या, प्रवेश शिल्लक असलेल्या कार्डांना. खोटं कार्ड किंवा संपलेले प्रवेश अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याएवढी. मग नकार कशाचा? आमच्या प्रोग्रॅमचा पाया ग्रंथालयाच्या हजेरीचा होता, आणि त्यात एक ओळ होती: एकदा टेकवलेलं कार्ड साठ सेकंद पुन्हा चालणार नाही. मेट्रोतही अशी अडवणूक असते. एकानं आत जाऊन तेच कार्ड मागच्याच्या हातात देऊ नये म्हणून, कारण तिथं माणशी एक कार्ड हा नियमच आहे. आम्ही मात्र घरटी एक कार्ड दिलं होतं. म्हणजे लोकांना जे करायला आम्हीच सांगितलं, तेच आमचं गेट चोरी समजत होतं. चाचणीच्या वेळी हे दिसलं नाही, कारण तेव्हा प्रत्येक पोरगा स्वतःचं कार्ड घेऊन एकेकटा गेला होता. कुणी आजीला घेऊन चाचणीला आलं नव्हतं.

आणि कारणं एकमेकांत अडकली होती. वाय-फाय मंद, म्हणून टेकवल्यावर लगेच काही होईना. काही होईना, म्हणून माणूस दुसऱ्यांदा टेकवणार. दुसऱ्यांदा टेकवलं की साठ सेकंदांचं कुलूप, म्हणजे पहिला होकार येऊन कान उघडायच्या बेताला वर लाल दिवा पेटलेला, आणि माणूस गोंधळून जागीच उभा. एकटा सूर्य असता तर एक वाट गेली असती. एकटं वाय-फाय असतं तर रांग थोडी रेंगाळली असती.

तीस सेकंदांचा हिशोब

आता जे फळ्यावर मांडतो ते हे. साधा माणूस गेटातून तीन सेकंदांत जातो असं धरा. दहा माणसं, तीस सेकंद. समजा दहातला एक अडला आणि त्याचं निस्तरायला तीस सेकंद लागले. नऊ जणांचे सत्तावीस आणि त्याचे तीस, मिळून सत्तावन्न. एका माणसानं वाटेचा वेग जवळजवळ निम्म्यावर आणला.

मग महागडं, दुप्पट चपळ यंत्र आणू. माणशी दीड सेकंद. नऊ जणांचे साडेतेरा, अडलेल्याचे तीसच: साडेत्रेचाळीस. यंत्र दुप्पट चपळ झालं, वेळ वाचला जेमतेम पाव हिस्सा. आता यंत्र जुनंच ठेवा आणि अडलेल्याला पाच सेकंदांत बाजूच्या वाटेला लावा. सत्तावीस आणि पाच, बत्तीस.

खरेदीच्या कागदात मात्र मिनिटाला किती माणसं सुटतात एवढंच लिहिलेलं असतं. न सुटणाऱ्याचा रकाना मला तरी अजून दिसलेला नाही. मेट्रोवाले हा रकाना कागदावर नाही तर जागेवर भरतात. गेटांच्या ओळीला लागून एक रुंद वाट असते, चाकाच्या खुर्चीला, सामानाला, लेकुरवाळीला. शेजारी मदतीची खिडकी असते, आणि दिल्लीत तर ती आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंच्या प्रवाशाला बोलता येईल अशी गेटांच्या रेषेवरच ठेवलेली असते. आम्ही गेट आणलं, खिडकी विसरलो. त्या संध्याकाळी खिडकीचं काम एकाच माणसानं केलं, ज्याला आम्ही कुठलंही काम दिलं नव्हतं.

शिस्तीच्या मुद्द्यावर मी बैठकीत जपानची गोष्ट सांगितली. सुइका यायच्या आधी, १९९०च्या दशकात, तिथं रीडरचे नमुने लोकांच्या हातात देऊन बघितले गेले. जपानी माणूस शिस्तीचा पुतळा, असा आपला समज. तरी बऱ्याच जणांना कार्ड नीट धरता येईना. कुणी झटकन फिरवायचं, कुणी उभं धरायचं, कुणी भलतीकडंच टेकवायचं. शुंजी यामानाका या डिझाइनरनं त्यावर रीडरच बदलला. टेकवायची जागा प्रवाशाकडं साडेतेरा अंशांनी कलती केली आणि तिला उजेड दिला. तिरकी, उजळ जागा दिसली की हात आपोआप तिथं थांबतो. आमचा रीडर सपाट, काळा, आणि त्या दिवशी त्याच्यावर झेंडूची माळ.

जपानचं आणखी एक शिकण्यासारखं. तिथली कितीतरी गेटं मुळात उघडी असतात. कार्ड बरोबर असेल तर काहीच हलत नाही, चुकलं तरच दार मिटतं. हजार जणांत नऊशे नव्वद बरोबर असतील तर हजार वेळा दार हलवायचं कशाला? अर्थात हे सगळीकडं चालेल असं मी म्हणणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेत फुकट्यांचा प्रश्न मोठा, म्हणून त्यांनी बरोबर उलटं केलं. २०२३च्या अखेरीपासून जुनी बुटकी गेटं काढून पुरुषभर उंचीची पारदर्शक दारं बसवत गेले आणि २०२५पर्यंत सगळी ५० स्थानकं पुरी केली. आमच्या गॅदरिंगला फुकटा कोण? जे आले ते आम्हीच बोलावलेले. आम्ही पाहुण्यांसाठी चोराचं गेट लावलं होतं.

गर्दीपुढं मोठेही हतबल होतात, हेही पोरांना सांगतो. दिल्ली मेट्रो सुरू झाली तेव्हा नुसती बघायला इतकी माणसं लोटली, की हौशींनी जरा दमानं यावं असं आवाहन करायची पाळी आली होती.

जूनमध्ये पुन्हा

प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्रांच्या पिशव्या घेऊन पालकांची रीघ लागते. तेव्हा गेट पुन्हा लावलं. लॅपटॉप हटवला आणि यादी पेटीतल्याच एका छोट्या बोर्डवर ठेवली. तीन पेट्या तारेनं जोडल्या, वाय-फाय बंद. साठ सेकंदांचं कुलूप काढलं, त्याऐवजी कार्डावरचे प्रवेश मोजायचे. पेट्यांचं तोंड उत्तर-दक्षिण फिरवलं आणि पश्चिमेला पत्रा मारला. रीडरखाली लाकडी पाचर ठोकून तो कलता केला, साडेतेरा अंश झाले की नाही देव जाणे, वर एक दिवा लावला. लेकरासाठी सगळ्यांत खालच्या किरणाला नवा हुकूम: तो तुटलेला असेपर्यंत कान मिटायचे नाहीत. आणि एक वाट जपानी पद्धतीनं कायम उघडी.

उघड्या वाटेनं भलतीच गंमत केली. धोतर-टोपीतले एक आजोबा तिच्यासमोर येऊन उभेच राहिले. मागची माणसं थांबली. मी जाऊन विचारलं, "आजोबा, जा की आत." म्हणाले, "दार उघडं हाय, पर कुणी ये म्हणंना." मिटलेलं दार उघडतं तेव्हा माणसाला 'ये' म्हटल्यासारखं वाटतं. उघडं दार काहीच बोलत नाही. आम्ही त्या वाटेच्या तोंडाशी हिरवा बाण लावला, तरी जुनी माणसं थबकायची ती थबकतातच. पुढच्या वेळी बाणाऐवजी पोरगा उभा करायचा विचार आहे.

सगळ्यांत मोठा फरक मात्र तिसऱ्या वाटेनं पडला, जिच्यात यंत्रच नाही. पेट्यांच्या शेजारी तीन-साडेतीन फुटांची मोकळी वाट, तिथं खुर्ची टाकून मामा बसलेले, हातात बटण. लाल दिवा लागला की पोरानं प्रवाशाशी वाद न घालता मामांकडं बोट करायचं. मामा कार्ड बघतात, नाव विचारतात, "कोणत्या गावचे?" एवढं म्हणतात आणि बटण दाबतात. बटण दाबलं की आकडा नोंदला जातो, म्हणजे हिशोबही राहतो. घड्याळ लावून बघितलं तर बहुतेकांचं काम कार्ड पुन्हा टेकवण्यापेक्षा लवकर व्हायचं. एसटी आली, टमटम आल्या, रांग झाली आणि विरली.

स्लॅब अजून झालेला नाही. अंदाजपत्रक मंजुरीला गेलं आहे. यंदाच्या पावसात मधली पेटी पुन्हा हलली, कान पुन्हा करकरतोय, आणि सिव्हिलचे विभागप्रमुख जाता-येता मुद्दाम तिथं थांबून कान देऊन ऐकतात.

मामांचं बटण आता छोट्या रिमोटमध्ये आलं आहे. त्यांनी ते लोखंडी फाटकाच्या किल्लीच्याच कड्यात अडकवलं. परवा मी म्हणालो, "मामा, आता रिमोट आहे, ती किल्ली द्या की कार्यालयात."

"आन् ह्याचा सेल उतरल्यावर?" म्हणाले, आणि जुडगा खिशात टाकून बादल्या भरायला गेले.